चौथं अर्ग्युमेंट

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी थोरल्याने कर्नेलकडे पंचेचाळीस हा आकडा पाठवला. आत तीन पोचला.

त्याने तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. या वेळी चारशे बारा पोचला. तिसऱ्या वेळी परत तीन.

कंपनी औषधांच्या फ्रीजसाठी आणि शीतखोल्यांसाठी कंट्रोलचे डबे बनवत असे. तापमान मोजायचं, यंत्र चालू-बंद करायचं आणि मर्यादा ओलांडली की घंटा वाजवायची, एवढंच त्या डब्याचं काम. डब्यातला जो मूळ प्रोग्रॅम बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमांवर देखरेख ठेवतो, तो कर्नेल. एकवीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून तो उभा केला होता, थोरल्याने आणि धाकट्याने. दोघे एकमेकांचे साडू. थोरल्याने कर्नेल लिहिला, आणि बाकीच्या प्रोग्रॅमांनी ज्या दारातून कर्नेलकडे काम घेऊन यायचं ते दारही त्यानेच लिहिलं. धाकट्याने त्यावर चालणारे प्रोग्रॅम लिहिले. घंटेचा प्रोग्रॅम त्यातलाच. धाकटा सतरा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. थोरला अजून तिथेच होता. निवृत्तीला सात महिने उरले होते.

ऑफिसात त्याला कर्नल म्हणत. कर्नेल सांभाळतो म्हणून कुणीतरी गमतीने ठेवलेलं नाव. फाटकावरच्या पहारेकऱ्याला ती गंमत माहीत नव्हती. तो खरोखरच सलाम ठोकायचा आणि विचारायचा, "साहेब, कुठल्या आघाडीवर होता?" थोरला म्हणायचा, "मागच्याच." बायको गेल्यापासूनच्या चार वर्षांत दिवसातलं पहिलं वाक्य बहुधा हेच असायचं. शुक्रवारी संध्याकाळी बोललेल्या शेवटच्या वाक्यानंतर सोमवार सकाळपर्यंत तोंड उघडायची वेळ आली नाही, असंही होई. मूल नव्हतं.

दाराची रीत साधी आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमला कर्नेलमध्ये पाऊल टाकता येत नाही. प्रोसेसरच्या पोटात एकेक आकडा मावेल अशा मोजक्या जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. जे सांगायचं ते या जागांमध्ये ठरल्या क्रमाने ठेवायचं, दार वाजवायचं आणि थांबायचं. कर्नेल त्या जागा बघतो, काम करतो आणि उत्तर एका जागेत ठेवून देतो. असा ठेवलेला प्रत्येक आकडा म्हणजे एक अर्ग्युमेंट. घंटेच्या कामाला चार लागत होती: कुठला सेन्सर, खालची मर्यादा, वरची मर्यादा, आणि मर्यादा ओलांडल्यावर किती सेकंद थांबून घंटा वाजवायची. पहिली तीन नीट पोचत होती. चौथं वाटेत बदलत होतं.

असा घोळ झाला की प्रोग्रॅमरचा हात आधी छापण्याकडे जातो. दार वाजवण्याच्या अगोदर चौथा आकडा पडद्यावर छापेल अशी एक ओळ त्याने घातली. पडद्यावर पंचेचाळीस आला. आतही पंचेचाळीस पोचला. दहा वेळा चालवला, दहाही वेळा पंचेचाळीस. ती ओळ काढली. तीन.

थोरल्याने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"मी बघत असलो की बरोबर चालतं." हे वाक्य त्याने सतरा वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत ऐकलं होतं. धाकट्याने ते चौकशी समितीसमोर म्हटलं होतं, आणि समितीतले तिघेही हसले होते. थोरला भिंतीकडेच्या खुर्चीत बसला होता. तो हसला नव्हता, पण मान खाली घातली होती.

चौकशी लसींची होती. एका हॉस्पिटलच्या भांडारात शनिवारी दुपारी शीतखोलीचं यंत्र बंद पडलं, आणि सोमवारी कुलूप उघडेपर्यंत घंटा वाजली नाही. अकरा हजार लसी फेकून द्याव्या लागल्या. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण बातमी झाली. डब्याच्या मेमरीची प्रत काढली तेव्हा दिसलं, की थांबायच्या सेकंदांच्या जागी दहा अंकी आकडा बसला आहे. तो संपून घंटा वाजायला एकशे सहा वर्षं लागली असती.

थांबायचे सेकंद ही धाकट्याची भर होती. आधी शीतखोलीचं दार उघडलं तरी घंटा ठणाणा करायची, म्हणून त्याने चौथं अर्ग्युमेंट वाढवलं आणि नव्वद सेकंद थांबायला सांगितलं. नंतर काही ठिकाणांहून तक्रारी आल्या होत्या. घंटा कधी तीन सेकंदांत वाजते, कधी चार मिनिटांनी. "तुमची घंटा हलक्या कानाची आहे," असं एका भांडारवाल्याने लिहिलं होतं. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

"मी नव्वदच पाठवतो," धाकटा समितीला सांगत राहिला.

"मग आत दहा अंकी आकडा कुठून आला?"

"माहीत नाही. मी बघत असलो की बरोबर चालतं."

समितीने थोरल्याला विचारलं, आकडा दारात बदलू शकतो का? त्याने दोन दिवस मागून घेतले. दाराचा कोड ओळीने तपासला आणि लिहून दिलं: दाराचा कोड तक्त्याप्रमाणे बरोबर आहे. त्याने खोटं लिहिलं नव्हतं. तपासलं होतं, डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं. त्या कागदानंतर दोन आठवड्यांनी धाकट्याने राजीनामा दिला. अहवालात कारणाखाली त्याचं नाव राहिलं. थांबायचे सेकंद मग कर्नेलमध्येच पक्के केले गेले, आणि चौथं अर्ग्युमेंट कुणी पाठवेनासं झालं.

आता नव्या मॉडेलला ते परत हवं होतं, म्हणून मंगळवारी त्याची गरज पडली.

माशी कुठे शिंकली ते थोरल्याला बारा वाजून दहा मिनिटांनी कळलं. अर्धा तास लागला. प्रोग्रॅमच्या एका तुकड्याने, म्हणजे एका फंक्शनने, दुसऱ्या फंक्शनला बोलवायचं, तर चौथं अर्ग्युमेंट आरसीएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये ठेवतात. पण दार वाजवायची जी सूचना आहे, ती वाजताना परतीचा पत्ता स्वतःच आरसीएक्समध्ये लिहून टाकते. तिथे आधी ठेवलेलं पुसलं जातं. म्हणून दारातून जाताना चौथं अर्ग्युमेंट तिथून उचलून आर-टेन नावाच्या दुसऱ्या रजिस्टरमध्ये ठेवायचं असतं. आतल्या बाजूला थोरल्याने आर-टेनच बघितला होता. प्रोसेसरचं पुस्तक समोर ठेवून लिहिली होती ती बाजू. बाहेरची बाजू चार महिन्यांनी लिहिली, ती कुठलं अर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमध्ये जातं याच्या, भिंतीवर लावलेल्या तक्त्यावरून. तक्ता त्याच्याच अक्षरातला होता, आणि फंक्शनांचा होता, दाराचा नव्हता. उचलून ठेवायची एक ओळ राहिली होती. आर-टेनमध्ये आधीच्या कुठल्याशा कामाचा जो उष्टा आकडा पडलेला असेल, तो कर्नेल इमानाने उचलत होता. छापायची ओळ घातली की छापताना खरा आकडा नेमका आर-टेनमध्ये राहून जाई आणि सगळं बरोबर दिसे.

चौकशीच्या वेळी त्याने आतली बाजू पुस्तकावरून तपासली होती आणि बाहेरची तक्त्यावरून. दोन्ही बरोबर निघाल्या होत्या.

त्याने राहिलेली ओळ घातली. पंचेचाळीस पाठवला, पंचेचाळीस पोचला. जेवायचा डबा त्या दिवशी त्याने उघडला नाही. तीन वाजता तो विभागप्रमुखांकडे गेला.

विभागप्रमुख अडतीस वर्षांच्या होत्या आणि त्याला सर म्हणत. त्याने चार मिनिटांत सगळं सांगितलं.

"म्हणजे आत्ता जे डबे चालू आहेत त्यांना काही धोका?"

"नाही. त्यांच्यात तीनच अर्ग्युमेंट जातात."

"मग नवं मॉडेल बाहेर पडायच्या आत सापडलं, हे बरंच झालं की, सर."

"बदलाची नोंद करायची आहे. चूक कधीपासून होती, तेही लिहावं लागतं."

"लिहा ना. सुरुवातीपासून."

"तसं लिहिलं तर वाचणारा विचारेल, मग त्या लसींचं काय."

"सर, ती नोंद तुमच्याशिवाय वाचतं कोण?" त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच कुणी वाचत नव्हतं. "त्या वेळी मी कॉलेजात होते. तेव्हाचे मालकसुद्धा आता नाहीत. जुनी मढी कशाला उकरायची?"

"अहवालात नाव आहे, मॅडम."

"कुणाचं?"

"माझ्या साडूचं."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "हयात आहेत ते?"

"आहे."

"भेट होते?"

"नाही."

"मग आधी त्यांना तर विचारा. त्यांना हे परत वर काढायला हवं आहे की नाही, ते तुम्ही कसं ठरवणार?"

थोरल्याने त्या रात्री फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. दोन्ही कुटुंबं पूर्वी एकाच मजल्यावर समोरासमोर राहत होती. मेहुणीची मुलगी चालायला शिकली ती दोन दारांच्या मधल्या फरशीवर. राजीनाम्यानंतर महिनाभरात समोरच्या दाराला कुलूप लागलं. बहिणी एकमेकींना फोन करत, वर्षातून एकदा भेटतही. नवरे भेटले नाहीत. बायकोच्या आजारपणात मेहुणी नऊ दिवस हॉस्पिटलात तिच्या उशाशी होती. झोपायला मात्र ती हॉस्पिटलसमोरच्या लॉजवर जायची. थोरल्याच्या घरी आली नाही.

बायकोने त्याला एकदा विचारलं होतं, "तुम्ही नीट बघितलं होतंत ना हो?" "बघितलं होतं," तो म्हणाला होता. ती जाईपर्यंतच्या तेरा वर्षांत तिने हे तीन वेळा विचारलं. शेवटचं हॉस्पिटलात. उत्तर तिन्ही वेळा तेच होतं.

शनिवारी तो साडेतीन तास बसने गेला. सोबत एक प्लॅस्टिकची फाइल होती. कोड ऑफिसबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे. त्याने दाराचे दोन्ही भाग हाताने उतरवून घेतले होते, एकोणीस पानं.

दुकान एका बोळाच्या तोंडाशी होतं. पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करून मिळतील, अशी पाटी. मागे घर. मेहुणी बाहेर बसून वस्तूंना गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या बांधत होती. तिने वर बघितलं.

"भाऊजी," ती म्हणाली. या म्हणाली नाही. आत वळून म्हणाली, "अहो, भाऊजी आलेत."

धाकटा एका इस्त्रीवर वाकला होता. केस पांढरे झाले होते, बाकी माणूस तोच होता. त्याने मान हलवली, एक स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. प्लग उघडला, तारा बघितल्या, बंद केला. पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा एक म्हातारी पायरीवर येऊन उभी राहिली.

"झाली का रे माझी इस्त्री?"

"ही काय, हातातच आहे."

"गेल्या आठवड्यातही हातातच होती. चुरगळलेले शर्ट घालून आमच्या ह्यांनी दोन लग्नं उरकली."

"कुणाच्या लक्षात आलं का?"

"त्यांच्याकडे बघतंय कोण," म्हातारी म्हणाली. "आण इकडे."

ती इस्त्री घेऊन गेली. मेहुणी हातातली चिठ्ठी बांधत म्हणाली, "तीन-तीनदा उघडतात. गिऱ्हाईक थांबत नाही तेवढं." मग तिने दोरा तोडला आणि हात मांडीवर ठेवून थोरल्याकडे बघत राहिली. कशाला आलात, हे तिने विचारलं नाही.

थोरल्याने येताना वाक्यं जुळवली होती. ती सगळी बाजूला राहिली. "चौथं अर्ग्युमेंट दारात हरवत होतं," तो म्हणाला. "माझ्याकडून."

धाकट्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "कुठे?"

"बाहेरच्या बाजूला. आरसीएक्समधून आर-टेनमध्ये हलवायला हवं होतं. हलवलंच नव्हतं."

धाकटा काही वेळ समोरच्या भिंतीवर टांगलेल्या पंख्याच्या पात्यांकडे बघत होता. ओठ हलत होते. थोरल्याने पुढे बोलायला तोंड उघडलं तर त्याने हात वर करून थांबवलं.

"छापायची ओळ," धाकटा म्हणाला. "छापताना नव्वद आर-टेनमध्ये राहत असणार."

"हो."

"गिऱ्हाइकाला देताना आपण छापायच्या ओळी काढून द्यायचो."

"हो."

"म्हणजे मी बघत असलो की चालायचं."

"हो."

धाकटा उठला. टेबलाखाली एक पंखा तपासणीसाठी फिरत ठेवला होता, तो बंद केला. पाती थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. मग बायकोला म्हणाला, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"माझी नव्हती."

"मी कधी म्हटलं होतं तुमची आहे म्हणून?"

"तू नाही म्हणालीस. मीच म्हणत होतो." तो थोरल्याकडे वळला. "पहिली दोन वर्षं मला खात्री होती की माझं बरोबर आहे. रोज तो प्रोग्रॅम डोक्यात चालवायचो. मग वाटायला लागलं, इतक्या लोकांना दिसलं ते मलाच दिसत नाही, तर डोक्यातच कुठेतरी पाणी मुरत असणार. दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या. नाही म्हटलं. कोड लिहायची भीती बसली. इस्त्रीचा प्लग तीनदा उघडून बघतो मी, तारा तीनच असतात तरी."

थोरल्याने फाइल मांडीवर धरली होती. "मी तेव्हा तपासलं होतं," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तक्त्यावरून."

"तक्ता कुणी केला होता?"

"मीच."

"दाराचा कोड मी मागितला होता तुमच्याकडे. बैठकीच्या आदल्या दिवशी. तुमच्या टेबलापाशी येऊन."

"हो."

"काय म्हणालात?"

थोरल्याला ते आठवत होतं. "दार माझं काम आहे, तू तुझं बघ, असं म्हणालो."

"चुकणं समजू शकतो मी," धाकटा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "एक ओळ कुणाचीही राहील. पण दाखवला असतात तर अर्ध्या तासाचं काम होतं ते."

मेहुणी म्हणाली, "आणि मला फोन करून सांगितलं होतंत. 'त्याच्याकडून चूक झाली आहे, त्याला सांभाळ.' आज एवढं साडेतीन तास बसने आलात. तेव्हा तर समोरच्या दारात राहत होतात. चार पावलं होती, तरी फोन केलात."

तिने दोऱ्याचं रीळ बाजूला ठेवलं.

"ताईला कळलं होतं?"

"नाही. मलाच मंगळवारी कळलं."

"तिने विचारलं होतं ना तुम्हाला? नीट बघितलं होतं का म्हणून?"

"तीनदा."

"मीच सांगायचे तिला विचारायला," मेहुणी म्हणाली आणि उठून आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, मग नळाचा. चहा आला तो दोन कपांत. दोघांपुढे ठेवून ती पुन्हा आत गेली, ती थोरला निघेपर्यंत बाहेर आली नाही.

चहा संपल्यावर थोरल्याने विचारलं, "नोंदीत लिहू का सगळं? लसी, अहवाल, सगळं?"

"मला का विचारता? तेव्हा माझं नाव घालताना विचारलं होतं का कुणी?"

"म्हणूनच विचारतो."

"लिहायचं तर लिहा. तुमची नोंद आहे."

थोरल्याने फाइल टेबलावर ठेवली. "तू मागितला होतास तो कोड. दोन्ही बाजू आहेत, नवी ओळही आहे. ऑफिसात दुसरा माणूस सही करतो तपासल्याची, पण वाचता येत नाही कुणाला. एकदा बघशील?"

"नाही," धाकटा म्हणाला. "मी आता कोड बघत नाही."

त्याने फाइल हाताने ढकलून थोरल्याच्या बाजूला केली आणि घड्याळाकडे बघितलं. "पाचची बस मिळेल तुम्हाला. नंतर एकदम आठला आहे."

थोरला उठला. फाइल त्याने उचलली नाही. धाकट्यानेही आठवण केली नाही.

सोमवारी त्याने नोंद लिहिली. एरवी त्याच्या नोंदी तीन ओळींच्या असत, ही दीड पानाची झाली. चूक काय, ती कधीपासून, तिच्यामुळे कुठली घटना घडली, त्या घटनेच्या अहवालात दिलेलं कारण चुकीचं कसं, आणि ते चुकीचं राहण्यात कुणाच्या तपासणीचा हात होता. शेवटच्या मुद्द्यापुढे स्वतःचं नाव घातलं. विभागप्रमुखांनी नोंद उभ्या उभ्या वाचली. "लसींचा परिच्छेद काढता येणार नाही?" त्यांनी विचारलं. "नाही," तो म्हणाला. त्यांनी आणखी एकदा वाचली आणि मंजुरीचं बटण दाबलं. नियमाप्रमाणे ती अकरा जणांना गेली. एकाचंही उत्तर आलं नाही. तपासणाऱ्याच्या रकान्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सही केली आणि विचारलं, "कर्नल, मोठी दिसतेय या वेळी. काही विशेष?"

"वाचा," थोरला म्हणाला.

"वाचतो, वाचतो," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

दोन शनिवार गेले. थोरल्याने घरातले कपडे धुतले, बिघडलेला दिवा बदलला, एका रविवारी सबंध दिवस टीव्ही चालू ठेवला. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा कुणाला तरी काहीतरी विकायचं होतं. दुकानात ठेवलेली पानं आता बहुधा चिठ्ठ्या करायला गेली असतील, असं त्याने धरून चाललं.

तिसऱ्या बुधवारी ऑफिसच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. आत एकोणीस पानं होती. पत्र नव्हतं. त्याने पानं चाळली. सात, आठ, नऊ, कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. चौदाव्या पानाच्या कडेला पेन्सिलीने एक ओळ होती. अक्षर पूर्वीसारखंच डावीकडे झुकलेलं:

"कॉल मध्येच तुटून पुन्हा सुरू झाला तर आर-टेन कोण जपतं?"

थोरला खाली बसला. कॉल म्हणजे दार वाजवून कर्नेलला सांगितलेलं काम. ते चालू असताना मध्येच दुसरं तातडीचं काम आलं, तर पहिलं अर्धवट सोडून ते नंतर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तेव्हा दाराशी ठेवलेले आकडे आत जपून ठेवलेले असतात, ते पुन्हा जागेवर मांडतात. त्याने त्याच पानावरच्या जपायच्या यादीचा कोड उघडला. यादीत आरसीएक्स होता. आर-टेन नव्हता. तीही यादी त्याने तक्त्यावरूनच केली होती.

तरी त्याने चाचणी लिहिली. कॉल मुद्दाम तोडायचा आणि पुन्हा सुरू करायचा, असं हजार वेळा. छापायची ओळ घातली नाही. आकडे आतूनच मोजले. दोन वाजता निकाल आला. हजारातल्या नऊशे सत्त्याण्णव वेळा पंचेचाळीस आला होता. तीन वेळा वेगळंच काहीतरी. तीनातला एक आकडा दहा अंकी होता.

नवं मॉडेल चोवीस दिवसांनी बाहेर जाणार होतं.

त्याने यादीत आर-टेन घातला, चाचणी पुन्हा चालवली, मग दहा हजार वेळा चालवली. सगळे पंचेचाळीस. मग दुसरी नोंद लिहायला घेतली. काय बदललं, का बदललं. चूक कुणी दाखवली, या रकान्यात त्याने धाकट्याचं नाव लिहिलं आणि विभागप्रमुखांकडे पाठवलं. पाच मिनिटांत त्या स्वतःच त्याच्या टेबलापाशी आल्या.

"हे कोण, सर? आपल्याकडे आहेत?"

"होता."

"म्हणजे तेच? अहवालातले?"

"तोच."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पहिल्या चाचणीतला दहा अंकी आकडा अजून तिथेच होता. "आणि हे त्यांना घरी बसून दिसलं?"

"दुकानात बसून."

"नुसतं आडनाव चालत नाही तिथे," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव लिहा."

त्याने पूर्ण नाव लिहिलं. नोंद अकरा जणांना गेली.

घरी आल्यावर त्याने बदललेलं चौदावं पान हाताने नव्याने उतरवलं. दोन्ही नोंदींच्या प्रती त्याला जोडल्या आणि सगळं पाकिटात घातलं. सोबत पत्र टाकावं म्हणून एक कोरा कागद पुढे ओढला. "तू म्हणालास ते बरोबर होतं. आता आर-टेन यादीत घातला आहे. पुन्हा एकदा बघ," एवढं लिहून झालं. पुढे काय लिहावं ते बराच वेळ सुचलं नाही. मग त्याने खाली सही केली, आणि सकाळी ऑफिसला जाताना पाकीट पोस्टात टाकलं.